थायरॉईडची गोळी चालू असताना लोहाची गोळी: या चुका टाळा

सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी, अर्ध्या तासाने चहा, पोहे खाऊन झाले की लोहाची गोळी. हिमोग्लोबिन कमी निघालं की बहुतेक घरांत असाच क्रम लागतो. माझ्या बहिणीचाही हाच होता. तीन महिन्यांनी तिचा टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) वाढलेला आला आणि गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ झाली. लोहाची गोळी कधी घेता, हे तिला कुणी विचारलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, धरून बसतं, मग औषध रक्तात कमी जातं. म्हणून दोन्हींत किमान ४ तास हवेत. थायरॉईडची गोळी सकाळी ६ वाजता नुसत्या पाण्याबरोबर घेतली, तर लोहाची दुपारच्या जेवणाआधी तासभर. कॅल्शियमलाही ४ तासांचाच नियम. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरचे घटकही वाचा, त्यात लोह, कॅल्शियम असू शकतं. गरोदरपणात हे फार जपावं लागतं. सरकारी आरोग्य केंद्रातून ६० मिलिग्रॅम लोहाची लाल गोळी मिळते, शिवाय कॅल्शियम, आणि ही दोन्हीही एकत्र घ्यायची नसतात. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची सगळी भिस्त आईच्याच थायरॉईडवर असते, तेव्हा तिन्ही वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच, आगेमागे तासभर तरी चहा-कॉफी टाळा. लिंबूपाणी चालेल. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्याने दोन्ही गोळ्या कमी लागू पडू शकतात.

नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, आणि थकवा, केसगळती थायरॉईडच्याच नावावर खपून जाते. थायरॉईड कमी असलं की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, लोह उतरतं. लोह उतरलं की थायरॉईड ग्रंथीचं कामही मंदावतं. उलट, थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात हिमोग्लोबिन कमी दिसतं पण लोह पुरेसं असू शकतं, म्हणून तपासणीशिवाय गोळ्या सुरू करू नका.

शौचाला काळं झालं म्हणून घाबरून गोळी सोडू नका, ते लोहामुळेच होतं. मात्र डांबरासारखं चिकट असेल तर लगेच दाखवा. बद्धकोष्ठ फार होत असेल तर एक दिवसाआड घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण ३ महिने गोळी चालू ठेवावी लागते.

आणि वेळ बदललीत की डॉक्टरांना कळवा, ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. बहिणीने वेळा सुधारल्या, पण गोळी ७५ चीच राहिली. आता ती पूर्ण लागू पडू लागली आणि छातीत धडधड, हाताला कंप सुरू झाला. तपासणीनंतर डॉक्टरांनी तिला पुन्हा ५० वर आणलं.