उतरती कळा लागलेल्या वस्तीत घर घेताय? या चुका टाळा

"याच पैशांत तिकडे दोन खोल्या, इथे चार." हिशेब खरा असतो, आणि तिथेच माणूस भुलतो. अशा घराची किंमत आजूबाजूमुळे उतरलेली असते. म्हणून घराइतकीच वस्तीही पारखून घ्यावी लागते.

उद्याच्या भरवशावर आज पैसे मोजणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "पूल झाला की भाव दुप्पट," हे एजंटच्या तोंडी ठरलेलं. काम नुसतं मंजूर आहे, की पैशांची तरतूद होऊन ठेकेदारही नेमलाय? नुसतीच मंजुरी असेल तर त्या पुलाची किंमत शून्य धरा. विकणाऱ्यानेही ती बातमी ऐकलेली असते. न झालेल्या पुलाचे पैसे तो तुमच्याकडून आधीच वसूल करतो.

आता उलटी बाजू. समजा 20 टक्के पदरचे घातले, 80 टक्के कर्ज काढलं. भाव 10 टक्क्यांनी उतरला की तुमची निम्मी रक्कम बुडाली. हप्ता मात्र तेवढाच. विकायला काढलं तर दलाली वेगळी, आणि गिऱ्हाईक कधी मिळेल याचा नेम नाही. भाव दहा वर्षं जागचा हलला नाही तरी इथे सुखाने राहाल का? उत्तर देताना अडखळलात तर पुढे जाऊ नका.

सुट्टीच्या सकाळी पाहून निर्णय घेणे

भर उजेडात सगळ्याच गल्ल्या सभ्य दिसतात. अंधार पडल्यावर बसथांब्यापासून घरापर्यंत चालत या. जोराचा पाऊस झाल्यावर जाऊन गटार तुंबलंय का ते बघा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, दुकान किती वाजता बंद करता, आणि पूर्वी किती वाजता करायचा? त्या दोन वेळांमधला फरक बरंच काही सांगतो.

गरीब वस्ती आणि ढासळती वस्ती यांत गल्लत करू नका. रंग उडालेला, पण दारापुढे झाडलेलं आणि बंद पडलेल्या दिव्यासाठी तक्रार करणारं कुणीतरी आहे, अशी गरीब वस्ती पुष्कळदा सावरते. "तिथे कसली माणसं राहतात!" हे नातेवाइकांचं मत पुरावा म्हणून धरू नका. बंद घरं मात्र मोजा. भिंतीला भिंत लागलेलं घर रिकामं असेल, पन्हाळ फुटून पाण्याची हिरवी रेघ खाली ओघळली असेल, तर ती ओल उद्या तुमच्या खोलीत येणार.

बँकेला शेवटी विचारणे

बँक सहसा व्यवहाराची किंमत आणि स्वतःचं मूल्यांकन यांतला कमी आकडा धरून कर्ज देते. वरचा फरक तुमच्या खिशातून. बँकच नाही म्हणाली तर उद्या तुमच्या गिऱ्हाइकालाही तेच उत्तर मिळेल. घरावरचा बोजा (आधीचं कर्ज किंवा तारण), थकीत कर, सगळ्या वारसांच्या सह्या हे तपासायला वकील स्वतःचा नेमा, एजंटने सुचवलेला नको.

डागडुजीत वाहवत जाणे

आधी छप्पर, सांडपाण्याच्या नळ्या, वायरिंग. महागड्या फरशीचे पैसे परत येत नाहीत, कारण तुमच्या घराचा भाव शेजारच्या विक्रीवर ठरतो.

बयाणा देऊन बसला असाल तर

करार पुन्हा वाचा. कर्ज नामंजूर झालं किंवा मालकी हक्कात खोट निघाली तर पैसे परत, अशी अट त्यात आहे का? नसेल तर पुढचा हप्ता देण्याआधी ती लेखी घालून घ्या. विकणारा अडून बसला, तर बयाण्यावर पाणी सोडण्याचा हिशेबही एकदा मांडून बघा.