मोटरहोमचं फ्लोअरिंग बदलताय? आधी ओल शोधा, रंग शेवटी

फ्लोअरिंगच्या दुकानात शिरलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या.’ माल वॉटरप्रूफ असतोही. पण मोटरहोमचं फ्लोअरिंग वरून सांडलेल्या पाण्याने सहसा जात नाही, खालचं प्लाय कुजल्याने जातं. त्यामुळे मालाची निवड तळ उघडून बघितल्यावरच करायची. पुढचं सगळं टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेल्या मोटरहोमला धरून आहे: खाली नालीदार पत्रा, त्यावर इन्सुलेशन, त्यावर १२ मिमी प्लाय आणि सगळ्यात वर विनाइल.

१. वेळ निवडा

नोव्हेंबर ते मार्च. जून ते सप्टेंबरमध्ये मुंबईत हे काम काढू नका, मिस्त्री रिकामा असला आणि दर कमी करत असला तरी.

२. जुनं उचकटा

कपाटं, बेड, किचनचा ओटा जागेवर राहू द्या. त्यांच्या कडेने विनाइल कापून काढा. कपाटाखालचं प्लाय मऊ लागलं तरच ते कपाट हलवायचं.

३. ओल कुठून येते ते शोधा

सगळे घाई करतात ती इथेच. जुनं विनाइल निघालं, प्लाय वरून कोरडं दिसलं, की लगेच नवीन चिकटवून मोकळे. दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच काम निघतं.

प्लायवर बोटांच्या पेरांनी ठोकत जा. चांगलं प्लाय टणक वाजतं, सुटलेलं भदभद. शंका आली तिथे दाभण टोचा. दोन-तीन मिलिमीटर आत जाऊन अडलं तर ठीक. लोण्यात गेल्यासारखं आत शिरलं तर तो तुकडा कापून काढा, वरून हार्डनर (लाकूड कडक करणारं द्रव) पाजून वाचवण्याचा खटाटोप नको. दार, बाथरूम, फ्रिजची खालची बाजू, चाकांवरच्या कमानी आणि खिडकीच्या खालचे कोपरे, एवढ्या जागा तरी टोचल्याशिवाय सोडू नका. पिनवाला मॉइश्चर मीटर मिळाला तर उत्तम: आकडा १४ टक्क्यांच्या वर असेल तर अजून सुकवा. समुद्राजवळच्या हवेत पावसाळ्यात हा आकडा १६-१८ च्या खाली यायला मागत नाही. पहिल्या पायरीत मोसमाचा हट्ट धरला तो यासाठीच.

ओलीचे नेहमीचे रस्ते तीन. वरून: छताचा पंखा, खिडकीचं रबर, बाथरूमच्या जाळीभोवतीचा सांधा. पाइप लावून एकेका जागी दहा मिनिटं पाणी सोडलं की चोर सापडतो. खालून: मुंबईत हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीत पत्र्याच्या भोकांमधून पाणी वर चढतं आणि इन्सुलेशनच्या खाली बसून राहतं. अशी गाडी पूर्ण उघडावीच लागते, त्यावर दुसरा इलाज नाही.

तिसरा रस्ता दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास असतो. एसी लावून आत २२ अंश केले की विनाइल आणि त्याला चिकटलेलं प्लाय दवबिंदूच्या खाली जातात. भोकांतून आलेली दमट हवा त्या थंड प्लायच्या खालच्या अंगाला लागते आणि गार पाण्याच्या बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. वरचं विनाइल बाष्प सोडत नाही, त्यामुळे ते पाणी सुकायला वाट नसते. प्लाय खालून काळं पडतं, वर मात्र सगळं चकाचक.

परदेशी व्हिडिओ बघून इन्सुलेशनच्या वर, प्लायच्या लगेच खाली, प्लास्टिक अंथरण्याचा सल्ला इथे सर्रास दिला जातो. तो थंड प्रदेशासाठी आहे, जिथे आत ऊब असते आणि बाष्प आतून बाहेर जाऊ बघतं. आपल्याकडे एसी चालू असताना बाष्प बाहेरून आत येतं. ते प्लास्टिक इथे थंड राहतं आणि पाणी धरतं. अंथरू नका.

त्याऐवजी हे करा. गंज तारेच्या ब्रशने खरवडा, दोन हात इपॉक्सी प्रायमर द्या. पत्र्याची सगळी रिकामी भोकं पॉलियुरेथेन (पीयू) सीलंटने बुजवा. दोन प्रकारची भोकं मात्र बुजवायची नाहीत. दाराखालच्या पोकळ पट्टीला निचऱ्यासाठी बारीक भोकं असतात, ती बंद झाली की पट्टी आतून सडते. आणि गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला जे भोक आहे, ते मोकळंच राहिलं पाहिजे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच बाहेर पडतो. त्यावर विनाइल अंथरणं म्हणजे गॅस आत कोंडणं.

इन्सुलेशन बंद पेशींचंच, म्हणजे पाणी न शोषणारं, हवं: एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड, किंवा पत्र्याला पूर्ण चिकटवलेली नायट्राइल रबर शीट. ग्लासवूल नको, ते पाणी धरतं. नुसता चंदेरी बबल शीटही प्लाय आणि पत्र्याच्या मध्ये दाबला की त्याचा उपयोग संपला. पत्र्याच्या नाल्या एक्सपीएसच्या पट्ट्यांनी भरून घ्या. प्लायखाली पोकळी राहिली तर पाय पडेल तिथे ते लचकतं आणि वरचा माल कोणताही असो, सांध्यात फाटतो.

प्लाय आयएस ७१० चं, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचं. दुकानदार तोंडाने ‘मरीन’ म्हणतो त्याला अर्थ नाही, शीटवर आयएसआयचा शिक्का आणि ७१० हा आकडा डोळ्यांनी बघा. कापल्यावर खालची बाजू आणि चारही कडांना इपॉक्सीचे किंवा पीयूचे दोन हात. कड ही प्लायची सगळ्यात तहानलेली जागा, आणि सुतार नेमकी तीच सोडतो. स्क्रू स्टेनलेस ३०४ चे, कडेला दर सहा इंचांवर. जिप्समचे काळे स्क्रू इथल्या खाऱ्या हवेत गंजतात आणि डोकी तुटतात. ड्रिल लावण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग कुठून गेलंय ते खडूने आत आखून घ्या. या कामात जीवावर बेतू शकतं ते इथे.

४. वजन मोजा

१२ बाय ६ फुटांची मोकळी जागा म्हणजे ७२ चौरस फूट, साधारण ६.७ चौरस मीटर. २ मिमी विनाइल शीट चौरस मीटरला ३ किलोच्या आसपास, म्हणजे एकूण वीसेक किलो. ५ मिमी एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिक यांची कडक फळी) चौरस मीटरला ९ ते १० किलो, एकूण साठ-पासष्ट. फरक चाळीस लिटर पाण्याएवढा, आणि हे पाणी कधी सांडून हलकं करता येत नाही.

५. माल निवडा

बसमध्ये टाकतात ते खरखरीत, २ मिमीचं अँटी-स्किड विनाइल शीट. बहुतेकांसाठी उत्तर हेच आहे. रोल साधारण २ मीटर रुंद येतो, त्यामुळे ट्रॅव्हलरमध्ये मधे सांधाच येत नाही, आणि सांधा नाही म्हणजे पाणी जायला वाट नाही. विकत घेताना आयएस १५०६१ चा, म्हणजे गाडीच्या आतल्या सामानाच्या ज्वलनशीलतेचा, चाचणी दाखला मागा. घरासाठीचं स्वस्त फोमवालं विनाइल खुर्चीच्या पायाने खड्डे धरतं.

एसपीसीची क्लिक फळी (कडा एकमेकींत अडकवायची) घरात छान. तिला सपाट, न हलणारा तळ आणि कडेला मोकळी फट लागते. कपाटं वर बसवून ती दाबली की फुगायला जागा उरत नाही. गाडी तर खड्ड्यात पिळवटतेच, मग क्लिकचे ओठ तुटतात. हवंच असेल तर फळीचा देखावा असलेलं, गमने चिकटवायचं ३ मिमी एलव्हीटी (विनाइलच्या फळ्या) घ्या. लॅमिनेटचा गाभा पाण्याने फुगतो, तो विचार सोडा. कार्पेट तर पहिल्याच पावसात वास मारायला लागतं.

रंग मधला करडा किंवा मातकट, ठिपक्यांचा. गडद तपकिरीवर वाळूचा कण न् कण दिसतो, पांढऱ्यात कोकणातली तांबडी माती मुरते.

६. गम

सुतार पिवळा रबर गम काढेल, कारण सनमायकाला तोच लावतो. मऊ विनाइलखाली तो चालत नाही. विनाइल मऊ ठेवणारं तेल हळूहळू त्या गमात उतरतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीत तो पातळ होऊन कडांना चिकट ओघळ येतात, कोपरे उचलतात. दोन भागांचा पॉलियुरेथेन गम वापरा. डबा घेण्याआधी विनाइलच्या दुकानदाराकडून तो कोणता गम मान्य करतो ते विचारून घ्या. लावायचा तो दातेरी पत्रीने. ब्रशने लावला की गुठळ्या वर उमटतात.

७. अंथरा

शीट आदल्या दिवशी सावलीत उलगडून ठेवा. तपकिरी कागदाचा साचा करून कापा, मधून कडेकडे रोलर फिरवत जा. बाथरूम आणि ओट्याजवळ भिंतीवर दोन इंच वर घ्या, दाराला ॲल्युमिनियमची पट्टी.

सीटचे बोल्ट विनाइल आणि फोमवर कसू नका. मऊ थर दबत जातो, बोल्ट सैल पडतो आणि सीटबेल्टचा आधार जातो. प्रत्येक बोल्टभोवती सगळे थर कापा आणि त्या जागी स्टीलचा स्पेसर घाला, म्हणजे दाब धातूवर धातू असा बसेल.

४८ तास सामान ठेवू नका, एसीही नको. आणि दारात काळं रबरी पायपुसणं टाकू नका: रबरातल्या रसायनाने विनाइलवर पिवळा डाग पडतो, तो कशानेच जात नाही. काथ्याचं टाका, आणि ते रोज झटकून उन्हात वाळवा.