कोल्हापूर बघायला येताय? या चुका टाळा

कोल्हापुरातून हिरमुसून परतलेल्या पाहुण्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. देवीसमोर दोन क्षणही उभं राहता आलं नाही, मिसळ संपली होती, पन्हाळ्यावर धुक्याशिवाय काही दिसलं नाही, चप्पल महिन्यात उसवली. चप्पल सोडली तर बाकी सगळ्याचं मूळ चुकलेल्या वेळेत आहे. गोव्याला जाता जाता 'अर्धा दिवस कोल्हापूर' असं ठरवून लोक येतात, तेही रविवारी, आणि ऐन दुपारी महाद्वार रोडवर गाडी घालतात. तिथून पुढे दिवस कसा जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

अंबाबाईचं दर्शन

मंगळवार, शुक्रवार, रविवार, पौर्णिमा आणि नवरात्र सोडून येता आलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर दर्शन पहाटे उरकून घ्या आणि बाकीचं शहर मागे ठेवा. वेळ अगदीच कमी असेल तर मुखदर्शनाची वेगळी रांग असते. देवी लांबून दिसते, पण रांग भराभर सरकते. कुठल्या रांगेत उभे आहोत हे आधीच विचारून घ्या, कारण बरेच जण मुखदर्शनाच्या रांगेत उभे राहून गाभाऱ्याजवळ जायची वाट बघत असतात.

गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून चालत या. अंतर थोडकंच आहे. बिंदू चौकातून जाताना महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आवर्जून बघा. 9 डिसेंबर 1950 रोजी ते बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. पार्किंगच्या नादात हे दहातल्या नऊ जणांच्या नजरेतून सुटतं.

मंदिराला चार दरवाजे आहेत: पश्चिमेला महाद्वार, उत्तरेला घाटी दरवाजा, दक्षिणेला विद्यापीठ दरवाजा आणि पूर्व दरवाजा. पाहुण्यांची हमखास फजिती इथेच होते. चपला घाटी दरवाज्याला काढायच्या, दर्शन घेऊन गर्दीबरोबर महाद्वारातून बाहेर पडायचं आणि मग एप्रिलच्या उन्हात अनवाणी मंदिराला वळसा घालायचा. आत शिरताना दरवाज्याचं नाव लक्षात ठेवा, चुकामूक झाली तर भेटायलाही तेच उपयोगी पडतं. अंगभर कपडे घाला. आणि दर्शन झालं की लगेच पळू नका, बाहेरून एक सावकाश प्रदक्षिणा घाला. भिंतींवरच्या मूर्तींचं काम बघायला तिथे कोणी थांबत नाही, त्यामुळे गर्दीच्या दिवशीही ते निवांत बघता येतं.

किरणोत्सवासाठी येणाऱ्यांना एक सांगणं. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत येतात, ते दिवस परंपरेने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी पाय, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. पण आकाशात ढग आले किंवा किरणांच्या वाटेत काही अडथळा आला तर ती अर्ध्यातच विरतात. म्हणून त्यातला एकच दिवस धरून येऊ नका, दोन दिवस हाताशी ठेवा.

खाण्यातल्या चुका

मिसळ हा सकाळचा प्रकार आहे. दुपारी एक वाजता नावाजलेल्या ठिकाणी गेलात तर 'संपली बघा' एवढंच ऐकायला मिळेल. मिसळीबरोबर इथे स्लाइस ब्रेड येतो, पाव मागत बसू नका. तिखटाची धास्ती असेल तर कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, वेगळा वाटीत मागा आणि लागेल तसा ओतून घ्या. आधी सगळा ओतून मग दही शोधण्यापेक्षा ते बरं.

मटणाच्या ताटाबद्दल बाहेर एक गैरसमज पक्का बसलाय की कोल्हापुरी म्हणजे जाळ. पांढरा रस्सा नारळाच्या दुधातला, सौम्य आणि पातळ असतो, तो वाटीने पितात. तांबड्यालाही चव कांदा-लसूण मसाल्याची हवी. नुसता घशाला झोंबत असेल तर तो रस्सा फसलाय, एवढं खुशाल समजा. 'एक्स्ट्रा तिखट करा' असं सांगून मर्दुमकी दाखवणारे पाहुणे वेटरलाही नवे नाहीत. रात्री नऊनंतर रविवारी ताटासाठी ताटकळावं लागतं, आठच्या आत जाऊन बसा.

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध मिळतं. ते कच्चं असतं. सवय नसेल आणि पुढे घाटाचा प्रवास असेल तर मोह आवरा.

पन्हाळा आणि जोतिबा

दोन्ही शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत आणि एकाच अंगाला, म्हणून एका दिवसात जोडून करता येतात. चूक होते ती क्रमात. सकाळी निवांत नाश्ता, मग जोतिबा, आणि भर उन्हात पन्हाळा. त्यापेक्षा सकाळी लवकर पन्हाळा गाठा आणि उतरताना जोतिबा करा. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचा, रस्ता तुंबतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत तर नुसतं 'बघायला' म्हणून जाऊच नका, भक्तीने जायचं असेल तर जा. पांढरे कपडे कधीच घालू नका, गुलालाचा डाग सहजासहजी जात नाही.

पन्हाळा हे नांदतं गाव आहे. वर हॉटेलं आहेत, शाळा आहेत, गाड्या फिरतात. 'हा कसला किल्ला' म्हणून एका बुरुजावर फोटो काढून, झुणका-भाकर खाऊन उतरणारे खूप. निदान तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना एवढं तरी बघा. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं आत जाऊन पाहिली की सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड महिनोन्‌महिने कसा तग धरून राहिला असेल याचा अंदाज येतो. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज इथून विशाळगडाकडे निसटले, ती राजदिंडीची वाटही बघण्यासारखी आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेव्हा गर्दी वाढणार हे धरून चला. पावसाळ्यात वर धुकं दाटलं तर चिडून उतरू नका, थांबा. अर्ध्या तासात पडदा सरकतो. नाहीच सरकला तर अंबरखाना आतूनच बघायचा असतो, त्याला धुक्याची अडचण नाही.

पुराच्या दिवसांत

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर हॉटेलच्या बुकिंगआधी पंचगंगेची पातळी बघा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, स्थानिक बातम्यांत हे आकडे रोज येतात. पाणी वाढलं की रत्नागिरीकडचा रस्ता केर्लीजवळ बंद होण्याची शक्यता असते, मग पन्हाळा-जोतिबा विसरायचं. 2019 आणि 2021 च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला होता. अशा वेळी 'पाणी फार नाही' म्हणून गाडी घालणाऱ्याच्या मागे जाऊ नका. नरसोबाच्या वाडीत मंदिरात पाणी शिरतं, दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं आणि दक्षिणद्वार सोहळा होतो, तो भाविकांचा सोहळा आहे, सहलीचा कार्यक्रम नव्हे.

नदी शांत असताना मात्र वाडी आणि खिद्रापूर हा दिवस चुकवू नका. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर शहरापासून साठेक किलोमीटर, म्हणून लोक यादीतून काढतात आणि त्याऐवजी बाजारात दुसरी चक्कर मारतात. माझ्या मते हा सगळ्यात तोट्याचा सौदा. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, वर छताला गोल उघडी जागा आणि खाली तेवढीच गोल शिळा. सकाळच्या उजेडात जा. महादेवासमोर नंदी शोधू नका, तो तिथे नाही.

राजवाडा, टाऊन हॉल, रंकाळा

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात आत फोटो काढू देत नाहीत, कॅमेरा घेऊन हुज्जत घालू नका. सोमवारी टाऊन हॉलचं संग्रहालय बंद असतं. इतर दिवशी ते रिकामंच असतं आणि कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. समुद्राचा ग्रीक देव रोमन काळात पंचगंगेकाठी कसा पोचला, हे मुलांना विचारून बघा. रंकाळ्यावर दुपारी जाऊन काही मिळत नाही, सूर्यास्ताला जा. शालिनी पॅलेस बाहेरूनच बघायचा आहे.

चप्पल घेताना

चप्पल उलटी करून बघा. खरी कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते, तळाला खिळे दिसले किंवा कड रेक्झिनसारखी गुळगुळीत लागली तर पुढच्या दुकानात जा. घेतल्या घेतल्या ती घालून पन्हाळा चढू नका, पाय सोलवटेल. अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल लावून दोन दिवस घरात घाला. भिजली तर उन्हात ठेवू नका, सावलीत वाळवा, नाहीतर चामडं कडक होऊन तडकतं.

परतीचं तिकीट आयत्या वेळी मिळालं नाही तर कोल्हापूर स्टेशनवरच अडून बसू नका. मिरज पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिथून पुणे, मुंबई, बेंगळुरूकडे कितीतरी जास्त गाड्या जातात. मध्यवर्ती बसस्थानकावरून मिरजेची एसटी मिळते.