पावसात गोव्याला यायचंय? मग असं या

मुंबई-पुण्याचे पाहुणे दरवेळी थर्टी फर्स्टलाच यायचं म्हणतात आणि मी दरवेळी सांगतो, अरे जून ते सप्टेंबरमध्ये या ना. आमच्या डिचोली-सत्तरीकडे तेव्हा सगळं हिरवंगार असतं, रूम स्वस्तात मिळते, आणि गावातल्या होमस्टेवाल्यांना, पायलटांना (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना) त्या दिवसांत गिऱ्हाईक नसतं, म्हणजे तुमचे चार पैसे त्यांना खरंच उपयोगी पडतात.

फक्त निघायच्या आधी ट्रेनचा टाइम परत बघा, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं. चोर्ला घाटातून येत असाल तर उजेडात या, धुक्यात पुढचं काही दिसत नाही. स्कूटर भाड्याने घेताना काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या प्लेटची नको, ते बेकायदेशीर आहे.

आता समुद्र. पावसात पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, गुडघाभर पण नाही. लाल बावटा उगाच लावत नाहीत, दरवर्षी कुणाचं तरी पोर जातं आणि फार वाईट वाटतं हो. दूधसागरचंही तेच, पावसात जीप बंद असतात म्हणून लोक कुळ्याहून रुळांवरून चालत निघतात, तसं करू नका, मडगावहून कॅसलरॉककडे जाणारी ट्रेन पकडा, ती धबधब्याच्या अगदी समोरून जाते, खिडकीतून मस्त दिसतो.

आणि जेवण! १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलर बंद असतात, कारण मासळीचा अंडी घालायचा काळ. तेव्हा हॉटेलात बसून ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. आमच्याकडे मे महिन्यातच पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवतात, सुके बांगडे, सुंगटं (सुकी कोळंबी), सोलं (आमसुलं), मीठ, आणि मग पावसात त्या सुक्या मासळीचीच किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, सोबत गरम उकड्या तांदळाची पेज. टायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी आणि फागलांची (कर्टोल्यांची) कापं मिळाली तर सोडू नका, बाजारात खाली बसलेल्या बायकांकडूनच घ्या आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नका, पहाटे रानात जाऊन आणलेलं असतं ते.

सणही याच दिवसांत. २४ जूनला सांजांव, म्हणजे ख्रिश्चनांचा विहिरीत उड्या मारायचा सण, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो, म्हणजे चिखलातले खेळ. बघायला जरूर या, पण सांजांवला कुणाच्या विहिरीत न विचारता उडी मारू नका, आणि चिखलात खेळणाऱ्या पोरांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, आधी विचारा. चवथीला कुणी माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) बघायला घरी बोलावलं तर मात्र नाही म्हणू नका, चपला बाहेर काढा आणि निवांत बसा, करंज्या-नेवऱ्या खाल्ल्याशिवाय तुम्हाला कोणी उठू देणार नाही.