सुट्टीच्या गर्दीत इमॅजिकाची सहल : आखणी करताना या चुका टाळा

खोपोलीजवळचे इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ साली सुरू झाले. तेव्हापासून दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष हा आठवडा आणि मे महिना या काळात मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबे तिकडे जातात, आणि त्यांतली बरीचशी संध्याकाळी दमून, कुरकुरत बाहेर पडतात. दोष गर्दीला दिला जातो. पण या दिवसांत गर्दी असणार हे निघण्यापूर्वीच ठाऊक असते. हाताशी असलेले सात-आठ तास कशासाठी राखायचे आणि कशावर पाणी सोडायचे, याचा निर्णय घरी न घेता आत गेल्यावर, मुले भुकेली आणि मोठी माणसे उन्हाने त्रासलेली असताना घेतला जातो. बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

दिवस निवडताना

शनिवार-रविवार टाळला की झाले, असे अनेकांना वाटते. सुट्टीच्या हंगामात हा हिशेब लागू पडत नाही. लक्ष्मीपूजन आणि पाडवा हे दिवस लोक घरात घालवतात. भाऊबीज आटोपली, पाहुणे जमलेले असले आणि मुलांची शाळा अजून उघडलेली नसली, की सगळ्यांना एकाच वेळी बाहेर पडावेसे वाटते. त्यातच गुजराती नववर्षापासून लाभपंचमीपर्यंत गुजरातमधले व्यापार-धंदे बंद असतात आणि तिकडची कुटुंबे फिरायला निघतात, त्यामुळे हे चार-पाच दिवस विशेष भरलेले असतात. शाळा उघडण्याच्या आधीचा मधला वार मिळाला तर तो घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : शाळांच्या सहली कामकाजाच्या दिवशीच निघतात, त्यामुळे मंगळवार-बुधवारीही आवारात बसगाड्यांची रांग दिसू शकते.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि तारीख पक्की झाल्यावरच काढावे. लहान मुलांची सवलत काही उद्यानांत वयावर ठरते, तर काही ठिकाणी उंचीवर. हा नियम आणि तारीख बदलण्याची अट पैसे भरण्यापूर्वी वाचून घ्यावी.

एका दिवसात दोन्ही उद्याने

इमॅजिकाचे जलउद्यान २०१४ साली सुरू झाले. ते मुख्य उद्यानाला लागून असले तरी त्याची सहल वेगळीच समजावी. ‘एवढे लांब आलोच आहोत तर दोन्ही करून टाकू’ हा मोह गर्दीच्या दिवशी महागात पडतो. कपडे बदलणे, लॉकर घेणे, मुलांचे डोके पुसणे, पुन्हा आवरणे यातच दीड-दोन तास जातात आणि दोन्हीकडचे हाती काहीच लागत नाही. ज्यांना दोन्ही हवेच आहेत, त्यांनी मुक्काम करावा. शिवाय जलउद्यानात नायलॉनचे किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे लागतात. साडी, ओढणी किंवा सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. हे ठाऊक नसले तर ऐन वेळी तिथेच कपडे विकत किंवा भाड्याने घ्यावे लागतात.

उंचीची पट्टी

मुलांच्या डोळ्यांत पाणी आणणारी चूक हीच आहे. प्रत्येक मोठ्या राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि कर्मचारी मुलाला तिच्याखाली उभे करून पाहतो. पाऊण तास रांगेत काढल्यानंतर दोन बोटांच्या फरकाने मागे फिरावे लागले, तर मूल हिरमुसते आणि आईवडील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू लागतात. त्या हुज्जतीला काही अर्थ नसतो. राइडचे कवच ठरावीक बांध्याच्या शरीराला धरून ठेवण्यासाठी बनवलेले असते. त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकते. म्हणून निघण्यापूर्वी घरी भिंतीला टेकवून, चपला-बूट काढून मुलाची उंची मोजावी, संकेतस्थळावरचे नियम त्याच्यासोबत बसून वाचावेत आणि कोणत्या राइड त्याच्या आणि कोणत्या पुढच्या खेपेच्या, हे त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्यावे. घरी कळलेला नकार मूल पचवते.

दोन भावंडांपैकी एकच बसू शकत असेल, तर एक पालक मोठ्यासोबत रांगेत आणि दुसरा धाकट्यासोबत त्याच्या राइडकडे, अशी विभागणी आधीच ठरवावी. सबंध कुटुंबाने एकमेकांसाठी ताटकळत उभे राहण्यात दिवसाचा मोठा भाग वाया जातो.

रांग किती मोठी, हे ओळखताना

रांगेची लांबी पाहून वेळेचा अंदाज बांधणे फसवे असते. एखाद्या राइडमध्ये तासाला किती माणसे बसून उतरतात, यावर खरी प्रतीक्षा ठरते. समजा, एका राइडवर तासाला सहाशे माणसे जातात आणि दुसरीवर दोनशे; दोन्हींच्या रांगेत दीडशे माणसे असतील, तर पहिलीत पंधरा मिनिटे लागतील आणि दुसरीत पाऊण तास. मोठ्या रोलर कोस्टरच्या एका गाडीत पुष्कळ माणसे बसतात, त्यामुळे त्याची रांग दिसते त्यापेक्षा लवकर सरकते. मुलांचे छोटे पाळणे मात्र मोजक्या आसनांचे असतात, आणि प्रत्येक लेकराला उचलून बसवण्यात, पट्टा लावण्यात, रडणाऱ्याची समजूत घालण्यात वेळ जातो. लहान मुलांच्या राइड केव्हाही होतील, असे समजून त्या दुपारसाठी ठेवणारे पालक म्हणूनच अडचणीत येतात. धाकटे मूल बरोबर असेल तर सकाळचा पहिला तास त्याला द्यावा. तेव्हा ते ताजेतवानेही असते.

घरात फक्त मोठी मुले असतील तर क्रम उलटा ठेवावा. नायट्रो हा तिथला सर्वांत गाजलेला रोलर कोस्टर. त्याच्या आसनांखाली जमीन नसते, पाय अधांतरी लोंबतात. तो पोटात अन्न नसतानाच्या म्हणजे सकाळच्या वेळी उरकलेला बरा. सैल चपला, चष्मा, खिशातला मोबाईल या वस्तू खाली सोडाव्या लागतात. त्यासाठी राइडवर न बसणाऱ्या एका माणसाकडे पिशवी द्यावी. दुपारी बारा ते तीन हा काळ छताखालच्या राइडसाठी राखावा. डीप स्पेस, मिस्टर इंडिया, अलीबाबा यांसारख्या राइड आतमध्ये आहेत, आणि रांगेतही ऊन डोक्यावर कमी येते.

राजासॉरस ही होडीतली राइड मात्र भिजवते. ती सकाळीच केली तर ओले बूट आणि चिकटलेले कपडे दिवसभर सोबत राहतात. तिच्या रांगेत उभे असताना मुलांना एक खरी गोष्ट सांगता येईल : राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. गुजरातमधल्या राहिओली येथे त्याचे जीवाश्म सापडले आणि नर्मदेवरून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे त्याचे नामकरण २००३ साली झाले. अशी माहिती रांगेत सांगायला हाताशी असली, की मोबाईल कमी काढावा लागतो.

जलद प्रवेशाचा पास घ्यावा का? गर्दीच्या दिवशी त्याचा उपयोग होतो, पण तो कोणत्या राइडना लागू आहे आणि प्रत्येकीवर कितीदा, हे आधी पाहावे. ज्या कुटुंबातली निम्मी माणसे मोठ्या राइडवर बसणारच नाहीत, त्यांनी सर्वांसाठी तो घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

राइड मध्येच थांबली तर

रांग अचानक थांबते, वर गाडी उभी असलेली दिसते आणि पालक घाबरतात. रोलर कोस्टरचा मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी फलाटावरून वेळेत निघाली नाही, तर मागची आपोआप थांबवली जाते. असे थांबणे हा सुरक्षेचाच भाग आहे. अशा वेळी कर्मचाऱ्याला विचारावे : थोडा वेळ लागेल असे उत्तर आले तर थांबावे, आणि तंत्रज्ञांना बोलावले आहे असे उत्तर आले तर रांग सोडून जवळची दुसरी राइड गाठावी. ‘एवढा वेळ उभे राहिलो’ म्हणून तिथेच अडून राहणे ही गर्दीच्या दिवशीची सर्वांत खर्चिक चूक आहे. वीज चमकू लागली तर उघड्यावरच्या राइड बंद होतात. दिवाळीच्या आसपास परतीच्या पावसाची सर आलीच, तर तो वेळ जेवणासाठी वापरावा.

खाणे आणि वडीलधारी माणसे

गोराईच्या एस्सेलवर्ल्डला होडीतून जाऊन पुरी-भाजीचा डबा उघडण्याच्या आठवणी असलेल्या पिढीला आजचे नियम खटकतात, पण बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाचे अन्न आणि औषधे यांना सहसा मुभा असते. म्हणून घरून निघताना भरपेट न्याहारी करावी आणि दुपारचे जेवण साडेअकराच्या सुमारास किंवा अडीचनंतर घ्यावे. एक वाजता उपाहारगृहाची रांग एखाद्या राइडच्या रांगेइतकी होते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना पिशव्या सांभाळायला बाकावर बसवून ठेवू नये. अलीबाबासारख्या राइडमध्ये बसल्याजागी नेमबाजी करायची असते, तिथे नातवंडांच्या शेजारी त्यांनाही आनंद घेता येतो. पाठीचे, हृदयाचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल तर प्रवेशापाशी लावलेल्या सूचना वाचूनच ठरवावे. सकाळची गोळी चुकवू नये, आणि चालण्याचे अंतर फार आहे हे त्यांना आधी सांगावे.

चुकामूक झाली तर

गर्दीत मोबाईलचे जाळे मंदावते आणि फोटो काढून बॅटरीही उतरते. लहान मुलाच्या मनगटावर बॉलपेनने पालकाचा क्रमांक लिहावा, त्याचा सकाळी एक फोटो काढून ठेवावा म्हणजे त्या दिवसाचे कपडे सांगताना गोंधळ होत नाही, आणि प्रवेशद्वाराजवळची सहज ओळखू येईल अशी एक जागा सर्वांना दाखवून ठेवावी. हरवल्यास गणवेशातल्या माणसाकडे जायचे आणि तिथून हलायचे नाही, एवढे मुलाकडून दोनदा वदवून घ्यावे.

रस्ता

मुंबईहून येणाऱ्यांना सकाळी लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांसोबत खालापूर टोलनाक्यापर्यंत रांगेत यावे लागते. पुणेकरांची परीक्षा संध्याकाळी, घाट चढताना होते. मुंबईकरांनी पहाटे निघावे आणि फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच भरून ठेवावेत. लोकलने येणाऱ्यांनी कर्जतहून पुढे खोपोलीला जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत हे लक्षात घेऊन परतीची वेळ आधी पाहावी. पुणेकरांनी उद्यान बंद होताच सर्वांसोबत घाटाकडे धाव घेण्याऐवजी खोपोलीत निवांत जेवून निघावे, आणि गाडी चालवणाऱ्याला दुपारी छताखाली तासभर बसून विश्रांती मिळेल अशी सोय दिवसाच्या वेळापत्रकातच करावी.