गाणं करताना आधी शब्द की आधी चाल?

दोन्ही चालतं, पण गाणं कुठल्या जातीचं आहे ते आधी बघा. अभंग, ओवी, भावगीत करायचं असेल तर शब्दच आधी लिहा कारण छंदातच अर्धी चाल असते, मोठ्या अभंगाची ६-६-६-४ अक्षरं नुसती मोठ्याने वाचली तरी ठेका सापडतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या गीतरामायणात गदिमा (ग. दि. माडगूळकर) आधी गीत लिहायचे आणि मग बाबूजी (सुधीर फडके) चाल लावायचे, आणि त्यात एकेक शब्द किती स्वच्छ कळतो बघा!

नाचाचं किंवा सिनेमाचं गाणं असेल तर चाल आधी बरी पडते. केरवा तालाच्या ८ मात्रा (ठोके) लावा, ल ल ला करत मुखडा, म्हणजे गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, गुणगुणा आणि लगेच मोबाइलवर रेकॉर्ड करा, नाहीतर संध्याकाळपर्यंत गेलाच तो. मग अर्थ नसले तरी चालतील असे डमी शब्द भरा, खरे शब्द नंतर. इथे एक गोष्ट फार जपा, लांब सुरावर दीर्घ अक्षरच यायला हवं, "मन" मधला म ताणला की "मान" ऐकू येतं आणि अर्थच जातो.

मला स्वतःला मधला रस्ता जास्त आवडतो, म्हणजे मुखड्याची एकच ओळ शब्द-चालीसकट पक्की करायची, अंतऱ्याचे, म्हणजे पुढच्या कडव्याचे, शब्द साधारण त्याच मापात लिहायचे आणि अंतऱ्याची चाल जरा वरच्या सुरात न्यायची. गाताना ओळ कुठे अडखळली तर आधी शब्द बदलून बघा, सुराला हात नंतर लावा.