छोट्या संशोधन संस्थेत नीतिनियम बसवायचे असतील तर पैसे यायच्या आधीच बसवा

स्वतंत्र संस्था म्हणजे दहा-बारा माणसं, डोक्यावर विद्यापीठ नाही, संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी आयती एथिक्स कमिटी नाही आणि पुढच्या सहा महिन्यांचे पगार एकाच फंडरवर टांगलेले. अशा ठिकाणी नियमांचं कुणी बोललं की "आपण सगळे घरच्यासारखे, कशाला कागद रंगवायचे" असं उत्तर येतं, मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पण अडचण येते तेव्हा समोर ओळखीचाच माणूस असतो, तो अगदी सभ्यपणे काहीतरी मागत असतो, आणि आधी लिहून ठेवलेलं नसेल तर त्या क्षणी नाही म्हणायला जीभ उचलत नाही. म्हणून जे काही ठरवायचं ते आधी.

सुरुवात फंडरच्या करारापासून करा आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घाला. निष्कर्ष काहीही निघाले तरी ते छापायचा हक्क संस्थेचा, हे वाक्य करारात पाहिजेच. फंडरला मसुदा दाखवायला हरकत नाही, चुका सांगायला 30 दिवस द्या, पण बदल करायचा की नाही ते आपण ठरवणार, आणि पैसे कुणी दिले ते प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर छापणार. मग हप्त्यांचं कलम बघा, हे सहसा कुणी नीट वाचतच नाही. शेवटचा हप्ता "अहवाल मान्य झाल्यावर" असं असेल तर ते खोडून "अहवाल सादर झाल्यावर" करून घ्या. एका प्रोजेक्टमध्ये आम्ही हे केलं नव्हतं. काम झालं, मसुदा गेला आणि फोन आला की बाकी सगळं छान आहे, फक्त तो सातवा तक्ता काढता आला तर बघा ना. तीन आठवडे आमच्यात वाद चालला, इकडे पगार थकलेले, शेवटी तक्ता ठेवला पण मुख्य अहवालातून उचलून परिशिष्टात टाकला, आणि ते मला आजही बोचतं कारण परिशिष्ट कोण वाचतं. एका शब्दाने हे टळलं असतं.

ही गोष्ट फक्त छोट्यांची नाही. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन एक आढावा लिहून घेतला, तो 1967 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात हृदयरोगाचा दोष साखरेवरून चरबीकडे वळवलेला होता आणि पैसे कुणी दिले त्याचा उल्लेखच नव्हता. जुनी पत्रं सापडून हे लोकांसमोर आलं ते 2016 मध्ये!

आता डेटा. फील्डवरून आलेली मूळ फाईल कुणालाही बदलता येणार नाही अशी लॉक करून ठेवा, साफसफाई कॉपीवर करा आणि काय बदललं, का बदललं याची नोंद ठेवा. टॅबलेटवर सर्व्हे असेल तर मुलाखतीची वेळ रोज संध्याकाळी तपासा. 35 मिनिटांची प्रश्नावली 6 मिनिटांत संपली, आणि सलग चार घरांची उत्तरं हुबेहूब सारखी, असं दिसलं की फॉर्म घरी बसून भरलेत हे समजायला वेळ लागत नाही. तरी लगेच मुलाखती घेणाऱ्या मुलावर ओरडू नका, आधी दर दहातल्या एका घरी दुसऱ्या माणसाला पाठवून खात्री करा आणि मग स्वतःचं टार्गेट बघा. दिवसाला आठ मुलाखती मागितल्या, त्यात निम्म्या घरांना कुलूप, तर तो तरी काय करणार? टार्गेट पाच करा, "दार बंद" ही नोंदसुद्धा काम म्हणून धरा आणि तिचेही पैसे द्या. खोटे फॉर्म मात्र विश्लेषणातून काढायचे, आणि किती काढले ते अहवालात लिहायचं.

दुसऱ्याने दिलेला डेटा वापरताना तर जास्तच सांभाळा. 2020 मध्ये कोविडच्या औषधावरचा एक मोठा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि दोनच आठवड्यांत मागे घ्यावा लागला, कारण डेटा देणाऱ्या कंपनीने तपासणीसाठी मूळ डेटा द्यायला नकार दिला, सहलेखकांनाही त्याची खात्री देता येईना. आमचा नियम सरळ आहे, मूळ डेटा उघडून बघितला नसेल तर त्या पेपरवर सही नाही.

संमतीपत्र लोकांच्या भाषेत आणि एका पानात बसवा, मधेच उठून जायची मुभा आहे हे तोंडीही सांगा. आणि नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं धरून चालू नका. 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने लाखो लोकांचे सर्च नावांऐवजी नंबर घालून खुले केले होते, पत्रकारांनी त्यातून एका बाईंना काही दिवसांत शोधून काढलं. वय, पेशा आणि गाव एका ओळीत आले की माणूस सापडतो.

लेखकांची नावं आणि क्रम पहिल्या मीटिंगमध्येच ठरवा, ईमेलवर लिहून. डायरेक्टर आहे म्हणून नाव घालायचं नाही, आणि ज्या ज्युनियरने विश्लेषण करून लिखाणही केलं तिला आभारात ढकलायचं नाही. कामं बदलली तर क्रम पुन्हा बोला, बस.

राहिलं तक्रारीचं. नेदरलँड्समधल्या डिडेरिक स्टापेल या नावाजलेल्या मानसशास्त्रज्ञाचा बनावट डेटा 2011 मध्ये उघडा पडला तो त्याच्याच विभागातल्या तरुण संशोधकांमुळे, पुढे त्याचे पन्नासहून जास्त पेपर मागे घेतले गेले. म्हणजे आधी दिसतं ते ज्युनियर लोकांना, आणि गमवायलाही सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असतं. म्हणून तक्रार घ्यायला दोन माणसं नेमा, एक आतला आणि एक संस्थेशी पैशाचा संबंध नसलेला बाहेरचा, डायरेक्टर त्यात नको कारण तक्रार त्याच्याबद्दलही असू शकते. सात दिवसांत पोच, साठ दिवसांत लेखी उत्तर, आणि तोवर तक्रार करणाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट हलवायचं नाही. प्रामाणिक चूक आणि बनवाबनवी यांची चौकशी वेगळी ठेवा, नाहीतर लोक साध्या चुकाही लपवायला लागतात. आमच्याकडे चूक सापडली की वेबसाईटवर तारखेसकट दुरुस्ती टाकतो, जुनी आवृत्तीही तिथेच ठेवतो, आणि ज्याने चूक दाखवली त्याला विचारून त्याचं नाव खाली लिहितो.